उजव्या छातीचा आकडा

“डावीकडं तर काहीच झालेलं दिसत नाही, बाबा,” ती पोरगी म्हणाली आणि माझ्या पंचेचाळीस वर्षांच्या जुन्या दुखण्यावरून यंत्राचं थंड मुंडकं तसंच पुढं सरकवत राहिली. नुसती म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी होती, आणि आत आल्या आल्या मी तिला म्हटलं होतं, “मग माझंबी करू नगा, ह्या वयात बाईमाणूस निघालो तर आमच्या कुंभारी गावचे लोक काय म्हनतील,” तेव्हा ती खुदकन हसली होती. ते हसू अजून तोंडावर उरलेलं असतानाच तिनं हे सांगून टाकलं. मी आधी पडद्याकडे बघितलं. हिरव्या कापडाचा पडदा, खाली वीतभर मोकळी जागा, आणि तिथून पलीकडच्या बाकाखालचे दोन पाय दिसत होते. भेगाळलेल्या टाचा, वहाणा काढून एकीवर एक ठेवलेल्या. रुद्रप्पाचे, माझ्या तालमीतल्या जोडीदाराचे पाय. ते हलले नाहीत, पण माणूस ऐकतो ते काही पायांनी नव्हे.

“हळू बोला की डाक्टरीनबाई.”

“का हो?”

“यंत्र उठंल.”

ती पुन्हा हसली. वैष्णवी नाव तिचं, टेंभुर्णीकडची, अजून शिकाऊ. तिला प्रबंध लिहायचा होता, की माणसाच्या छातीच्या स्नायूची जाडी सोनोग्राफीनं मोजली तर तो आकडा भरवशाचा असतो का. म्हणजे एकच छाती दोन डॉक्टरांनी मोजायची, एकमेकांचा आकडा न बघता, आणि आठ दिवसांनी त्याच वेळेला दोघांनी परत मोजायची. चारही आकडे जुळले तर यंत्र खरं. तिनं तालमीतून जुन्या पैलवानांची नावं मागवली होती, आणि रुद्रप्पानं स्वतःचं नाव देताना माझंही देऊन टाकलं. मी नाही म्हणालो तर म्हणाला, “आरं चल की. माझ्या डोस्क्यानं तुझं किती नुसकान झालंय ते मरायच्या आत एकदा डोळ्यानं बगायचंय मला.” आमच्या तालमीत सगळ्या डावांना तोड शिकवत, पण चांगल्या माणसाला तोड नसते.

माझी छाती ह्या शहरात पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणजे मीच ती ठाऊक करून दिली आहे. मी शड्डू ठोकला की उजनीकाठचे मासे उताणे होऊन वर येत आणि लोक पाट्या भरभरून नेत. माझ्या छातीवर बैलगाडीचं चाक चढलं आणि चाकाचीच लोखंडी धाव निखळली. हे मी चहाच्या टपरीवर सांगतो, सूतगिरणीच्या पाळीत सांगायचो, बायकोच्या दहाव्यालासुद्धा सांगितलं. आणि रुद्रप्पाशी झालेल्या त्या कुस्तीची गोष्ट तर दर वेळी नवी. कधी रुद्रप्पाचं डोकं लागून माझा स्नायू पिळलेल्या धोतरासारखा तुटला, कधी नारळासारखा फुटला, कधी आतल्या आत गोळा होऊन पोटात उतरला आणि वस्तादानं तेल लावून लावून तो पुन्हा जागेवर चढवला. लोक हसतात, पुढं सरकतात, चहा पाजतात. पण ह्या सगळ्या पसाऱ्यात एक खिळा मी पक्का ठोकलेला होता, तो कधी हलवला नाही: डावी छाती, रुद्रप्पाचं डोकं, आणि मग वेदनेनं आंधळा झालेला मी. आंधळ्या माणसाच्या हातून दुसऱ्याचा हात मोडला तर तो अपघात असतो. त्या दिवशी रुद्रप्पाच्या गावचे लोक काठ्या घेऊन हौद्यात उतरले होते. माझ्या छातीला धोतराचा पट्टा आवळून बांधलेला बघितला आणि काठ्या खाली झाल्या. दोघांनाही लागलंय, वस्ताद म्हणाला, आणि मिटलं. रुद्रप्पाचा उजवा हात कोपरात वाकडा बसला तो कायमचा. पंगतीत तो डाव्या हातानं जेवतो, आणि शेजारचा माणूस पत्रावळ थोडी पलीकडे ओढून घेतो, हे मी कितीदा पाहिलंय. आणि हाच माणूस दर थंडीत माझ्याकडे हुरडा घेऊन येतो, ओसरीवर बसतो, माझ्या डाव्या छातीकडे बघतो आणि मान खाली घालतो. माफी मागतो, बरं का. तो माझी.

म्हणून मी त्या पोरीचा आकडा बिघडवायला घेतला. तालमीत एक चोरविद्या असते. कातडी वरून शांत ठेवायची आणि आतलं मांस पाहिजे तेव्हा दगड करायचं, पाहिजे तेव्हा भिजवलेली कणीक. समोरच्याची पकड कुठं बसेल हे त्याला कळूच द्यायचं नाही. मी श्वास चोरला, डावा खांदा आतून किंचित ओढला. यंत्राच्या पडद्यावर राखाडी पट्टे हलले. बरगड्यांच्या पांढऱ्या कमानी, कमानीखाली काळोख, आणि वर पट्ट्यापट्ट्यांचं माझं मांस, कुणा परक्या माणसाचं असल्यासारखं.

“बाबा, सैल सोडा.”

“सैलच हाय की.”

“मगाशी चौदा मिलिमीटर आलं होतं. आता अठरा येतंय.”

“वय वाढतंय माझं, तुमी लई येळ लावताय.”

तिनं मुंडकं जरा दाबलं, पुन्हा उचललं, पेनानं माझ्या कातडीवर खूण केली. तिचं मनगट माझ्या हनुवटीखाली होतं. बारीक, काचेच्या दोन बांगड्या, आत निळी शीर. कुणाचंही मनगट दिसलं की ते कुठून मोडेल हे मला आधी दिसतं, माणूस मागून दिसतो. देवळात प्रसाद देणाऱ्याचं, बसमध्ये तिकीट देणाऱ्याचं, माझ्या नातीचं पाळण्यातलं. अंगठा इथं, करंगळी तिथं, आणि एक हिसका. मी ते कधी करत नाही. पण माझा हात ते हिशेब करत बसलेला असतो, घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्यासारखा, कुणी विचारत नसताना. ह्या पोरीनं पुन्हा ‘काहीच नाही’ म्हटलं असतं तर? मी मुठी मांड्यांखाली दाबल्या. नंतर तिचा जोडीदार आला, अमृत नावाचा उंच पोरगा, त्यानं मोजलं आणि मी त्याला भलताच आकडा दिला. उजवीकडं मात्र मी काही केलं नाही. उजवी बाजू गोष्टीत नव्हती. ती बिचारी तशीच पडून राहिली, आणि त्या दोघांनी ती पटापट मोजून टाकली.

मधल्या आठ दिवसांत मी नीट झोपलो नाही असं सांगितलं तर ती थाप होईल. मी झोपलो, पण झोपेत हात चालत होते. उठलो की बोटं आखडलेली. रुद्रप्पा गुरुवारी टपरीवर आला, डाव्या हातानं बशी धरून चहा प्याला आणि म्हणाला, “माझं झालं दोनी बाजूचं. ती पोरगी म्हनाली, आजोबा, तुमचा उजवा भाग वाळलाय. म्हनलं वाळंल न्हाय तर काय, बाई, पंचेचाळीस वर्सं उनात ठेवलाय. तुझं काय म्हनाली?”

“माझं यंत्रात मावंना. मोठं यंत्र मुंबैहून मागवलंय.”

“फुडल्या सोमवारी मी विचारनार हाय तिला,” तो म्हणाला. हसला नाही. “तू सांगतूस त्यातलं खरं किती, तुझं तुला तरी ठावं असतंय का रे?”

मला बजाबाई आठवली. माझी बायको, चार वर्षं झाली जाऊन. तीन महिने तीच ह्या छातीचा पट्टा सोडायची, हळद-तेल लावायची आणि परत बांधायची, डावीकडं. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. एकदा तेलाचा हात पुसता पुसता म्हणाली होती, “दुखतंय डावीकडं, आन् झोपताना उजव्या कुशीवर का येत न्हाई तुमी?” मी तिच्या तोंडात मारली होती. तेलाची वाटी लवंडली, फरशीवर पिवळा ओघळ गेला, आणि तिनं तो आधी पुसला, मग ओठ. त्यानंतर तिनं कधी काही विचारलं नाही. मी ती थप्पड कुठल्याच गोष्टीत घातली नाही. उजवा खांदा तेव्हापासून अधू होता खरा. घागर उचलताना, पुढं गिरणीत पेटी ओढताना तो दगा द्यायचा. मी म्हणायचो वारा शिरलाय. पंचेचाळीस वर्षं वारा.

दुसऱ्या सोमवारी सोलापूरचं ऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर तवा ठेवल्यासारखं तापलं होतं. रुद्रप्पा आधीच बाकावर बसलेला. मी आत गेलो, सदरा काढला, पडलो, आणि डावीकडं पुन्हा सगळे डाव खेळलो. अमृतला अकरा दिले, वैष्णवीला सोळा. मग दोघांचं मोजून झालं, आणि ते दोघं टेबलापाशी कागद जवळ घेऊन उभे राहिले. आता एकमेकांचं बघायची मुभा होती.

“डावीकडची वाट लागली,” वैष्णवी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. “चौदा, वीस, अकरा, सोळा. अमृत, हे एकाच माणसाचं आहे? मॅडम म्हणतील तुम्हाला मोजताच येत नाही.”

“थांब, उजवी बघ.”

मी छताच्या पंख्याकडे बघत होतो.

“आठ पूर्णांक एक. आठ. आठ पूर्णांक दोन. आठ पूर्णांक एक.” तिनं आकड्यांवरून परत बोट फिरवलं. मग म्हणाली, “चारही?”

“चारही. पण हे आठच का? बाबा उजव्या हाताचे आहेत ना? उजवी जाड पाहिजे.”

ती परत आली. मला म्हणाली, बाबा, पाच मिनिटं, आणि गार लेप उजवीकडं ओतला, आणि ह्या वेळी मुंडकं खुणेवर ठेवण्याऐवजी बाहेर बाहेर नेलं, काखेकडे, जिथं छातीचं मांस दोरीसारखं होऊन दंडात शिरतं. “हे बघा,” तिनं यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. तिचं रडणं पळालं होतं. शिकणाऱ्या माणसाला काहीतरी सापडलं की तो किती क्रूर दिसतो. “इथं दोरी तुटलीय. हा पांढरा गोळा दिसतोय ना, ही तिची खूण. खूप जुनी. तुम्ही सांगत होता ती जखम ही. तुमची बाजू चुकली, बाबा.”

“डोस्क्याची टक्कर लागली की असं हुतं?” मी विचारलं.

“नाही हो. बाहेरच्या माराने इथं नाही तुटत. माणूस स्वतः सगळा जोर लावून काहीतरी ओढतो, आणि समोरचं हलत नाही, तेव्हा ही आपल्याच जोरानं तुटते.”

समोरचं हलत नाही. पंचेचाळीस वर्षांमागं, त्या दिवशी, गावच्या जत्रेला शेवटच्या कुस्तीचा पैलवान आलाच नाही. अक्कलकोटच्या अंगाचं गाव, मळ्यांतून आलेली माणसं, झाडांवर पोरं. एका तालमीतले दोन जोडीदार चारचौघांत लावायचे नाहीत, ही रीत. आणि लावायची वेळ आलीच तर अर्धा तास खडाखडी करायची, लोकांना बरं वाटलं पाहिजे, मग पंचानं बरोबरीत सोडवायचं, हीही रीतच. वस्तादानं आम्हाला तसं बजावून सोडलं. रुद्रप्पा माझ्यापेक्षा ताकदीचा होता. तालमीत मी त्याला एकदाही लोळवलं नव्हतं आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं, असं मला वाटत होतं. विसाव्या मिनिटाला त्यानं मला खाली घेतलं, पाठीवर चढला, माझा खांदा मातीला लागायला चार बोटं उरली, आणि त्यानं सोडलं. कानाशी हसला आणि सोडलं. तेवढ्यात काठावरून कुणीतरी ओरडलं, “राखतोय त्येला! रुद्रप्पा राखतोय!” आणि ते सगळं गाव हसलं. एवढंच. पुन्हा भिडताना त्याचं डोकं माझ्या डाव्या छातीला लागलं, लाल वण उठला, डास चावल्यावर उठतो त्याहून थोडा मोठा. मग त्याचा उजवा हात माझ्या हाती आला. मनगट माझ्या उजव्या पंजात, त्याचं कोपर माझ्या डाव्या दंडावर उलटं टेकलेलं, तो तोंडघशी मातीत. “सोड की कुंडलिका,” तो म्हणाला, अजून खेळातच होता. मी दाबलं. “सोड,” तो हळू म्हणाला, माझ्याचपुरतं. तिसऱ्यांदा तो माती भरल्या तोंडानं ओरडला. पंच उठत होते, वस्ताद धावत होता, आणि मी तो हात माझ्या छातीकडे ओढला. हळद घातलेल्या मातीचा वास, त्याच्या मानेवरचा घाम, डोळ्यांपुढं सगळं गच्च तांबडं. कानांनी काही ऐकू येत नव्हतं. हात यायला तयार नव्हता. माणसाचं हाड किती प्रामाणिक असतं, ते शेवटपर्यंत नाही म्हणतं. मी अंगातलं होतं नव्हतं ते सगळं उजव्या बाजूला आणलं, आणि ओढलं, आणि कोपर उलट्या अंगानं उघडलं, आतलं पांढरं कातडीतून बाहेर आलं, आणि मला गोड वाटलं. हे सांगायला पाहिजे. ऊस दाढेखाली फुटतो तसं गोड. आंधळा कुठला, मी टक्क बघत होतो. मग काठ्या दिसल्या आणि मी डावी छाती धरून बसलो, कारण वण तिथं होता. उजवीकडं आग होत होती तिला मी म्हटलं, तू गप.

वैष्णवीनं उजवीकडच्या चित्राचा कागद काढला, तो यंत्रातून गुळगुळीत जिभेसारखा बाहेर आला, आणि तिनं तो माझ्या हातात दिला. “ठेवा आठवण. ही बाजू माझ्या प्रबंधात सोन्यासारखी बसणार बघा.”

सदरा अडकवून बाहेर येईपर्यंत माझं डोकं चालायला लागलं होतं, सवयीनं. हातात पुरावा होता. खरी जखम, जुनी, डॉक्टरनं दाखवलेली. रुद्रप्पाला चित्रातलं काय कळणार, डावं की उजवं? ‘हे बघ, हे तुझ्या डोक्यानं,’ एवढं म्हटलं की पंचेचाळीस वर्षांची थाप सरकारी कागदासारखी पक्की झाली असती. तो मान खाली घालणार, थंडीत हुरडा आणणार, आणि आम्ही दोघं मरेपर्यंत मित्र राहणार. दुसरा मित्र मला नाही. ऐकणारे पुष्कळ आहेत.

“दिसलं?” त्यानं विचारलं. उठून उभा राहिला.

“दिसलं.”

“लई फाटलंय?”

त्यानं त्याचा तो वाकडा हात पुढं केला, कागद घ्यायला. बोटं नीट उघडत नाहीत, चिमटीच होते. त्या हाताकडे बघता बघता, कुठल्या मूर्ख क्षणी कुणास ठाऊक, मी म्हणालो, “उजवी हाय. डावीकडं कदी काय नव्हतंच.”

त्यानं कागद घेतला नाही. पैलवान माणूस. त्याला चित्र वाचता येत नव्हतं, पण अंग वाचता येत होतं. त्याची नजर माझ्या उजव्या खांद्यावर गेली, तिथून दंडावर, पंजावर, आणि पंजातून त्याच्या स्वतःच्या मनगटावर. एकेक मणका मोजत गेल्यासारखी.

“उजव्या हातानं तर तू वडत हुतास.”

“व्हय.”

“मी सोड म्हनलो त्याच्या आदी तुटलं?”

“नंतर. तिसऱ्यांदा म्हनलास, त्याच्या नंतर.”

दवाखान्यात कुणाचं तरी लेकरू रडत होतं. रुद्रप्पानं वाकड्या कोपरावरून डावा तळवा फिरवला. मग म्हणाला, “तवा आवाज दोन आले हुते. एक माझ्या कोपराचा, त्यो मला ठावा हाय. दुसरा कुटला, ते मी इतकी वर्सं अंग चाचपून बगतोय. वाटायचं, आजून कुटं तरी मोडलोय मी, आन् सापडंना झालंय.” त्याच्या तोंडून कानडी हाक निघाली. “यप्पा. त्यो तुझा हुता व्हय.”

त्याच्या डाव्या हाताची मूठ येताना मी बघितली. पंचेचाळीस वर्षं त्या एका हातानं नांगर धरलाय, मोट, पोरं, भाकरी, सगळं त्यानंच. मला वाकता आलं असतं; अंगाला ते अजून येतं. मी वाकलो नाही. मूठ तोंडावर बसली, मी बाकाला अडखळून मागं पडलो, आणि डोक्याची मागची बाजू फरशीला लागली. जिभेवर एक दात आला, खडीसारखा. वैष्णवी किंचाळत धावली, मागून अमृत, त्यानं रुद्रप्पाला कमरेत मिठी मारली. “आजोबा, काय करताय! कशाला मारलं त्यांना?”

“सोड रे पोरा,” रुद्रप्पा म्हणाला, आणि अमृतनं लगेच सोडलं.

तो माझ्यापाशी आला, गुडघे मोडत मोडत खाली बसला. मला वाटलं, आता दुसरी. मी तोंड वर केलं. त्यानं माझ्या मुठीतून चुरगळलेला कागद काढून घेतला, मांडीवर ठेवून डाव्या तळव्यानं सपाट केला.

“ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “उंद्या तू दुसरंच सांगशील.”

मी मान हलवली. तो उठला, वहाणा पायात सरकवल्या. सरळ न होणाऱ्या कोपराच्या बेचक्यात त्यानं तो कागद दाबून धरला, आणि पायऱ्या उतरून उन्हात गेला.